विंडोज राहू द्या तिथेच, आधी पेनड्राइव्ह लावा

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मुख्याध्यापक. नोकरी सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांत झाली, आता इंदिरानगरला जॉगिंग ट्रॅकजवळ राहतो. लॅपटॉप २०१७ सालचा आहे : आय-थ्री, सहावी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. सपोर्ट संपला आणि या मशिनवर विंडोज ११ चालणार नाही, असा निरोप तो सारखा दाखवतो. दुकानदार म्हणतो नवा घ्या. पुण्याचा पुतण्या म्हणतो, 'काका, लिनक्स टाका, फुकट आहे.' माझे प्रश्न तीन. हार्डडिस्क न पुसता लिनक्स बघता येतं का? तिच्यावर माझ्या आठवणींची प्रकरणं आणि नातवंडांचे फोटो आहेत. मराठी टायपिंगचं काय? आजवर जुन्या श्रीलिपीत करत आलो. आणि फुकट देतात त्यात गोम काय आहे?

उत्तर : सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटल्याशिवाय तुम्ही पुढे सरकणार नाही असं पत्रावरून दिसतंय. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टॉरवल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला आणि पुढे तो सगळ्यांसाठी खुला केला. आज त्यात भर घालणाऱ्यांपैकी बरेचसे पगारी आहेत. इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्या त्यांना पगार देतात, कारण त्यांचाच धंदा लिनक्सवर चालतो. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्यातही हाच कर्नल आहे. म्हणजे लिनक्स खिशात घालूनच तुम्ही रोज ट्रॅकवर फेऱ्या मारताय. मी तुम्हाला लिनक्सचं जे तयार रूप सुचवणार आहे ते 'लिनक्स मिंट' २००६ पासून निघतं, देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं आणि देणग्यांचा हिशेब दर महिन्याला जाहीर करतं. आमच्या गल्लीतल्या मंडळाला मी हे दरवर्षी ऐकवते, उपयोग शून्य.

दुकानदारही अगदीच खोटं बोलत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर यादीत बसत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही. सुरक्षेची डागडुजी येणं थांबलं, एवढंच. घरगुती वापरासाठी ती आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने केली आहे. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. तेवढी नोंदणी करून टाका. घाईत घेतलेला लॅपटॉप आणि घाईत टाकलेलं लिनक्स, दोन्हींचे फोन शेवटी मलाच येतात.

आता मुद्द्याचं. हार्डडिस्कला न शिवता लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. पण लिनक्स 'करून बघायचं' म्हटलं की लोक पहिल्याच दिवशी पेनड्राइव्ह लावतात, रंगीत पडदा बघतात, दोन-चार ठिकाणी क्लिक करतात आणि 'छान आहे' किंवा 'आपल्याला नाही जमणार' असा निकाल देतात. दोन्ही निकाल कच्चे. मुळात इथे परीक्षा दोन आहेत. एक तुमच्या सवयींची आणि दुसरी तुमच्या यंत्राची. सवयींच्या परीक्षेला लिनक्स लागतच नाही, ती विंडोजवरच द्यायची.

लिनक्सवर गेल्यावर तुम्ही वर्डऐवजी लिबरऑफिस रायटर वापरणार, ब्राउझर फायरफॉक्स किंवा क्रोम, व्हिडिओला व्हीएलसी. हे सगळे प्रोग्राम विंडोजवरही चालतात आणि फुकट मिळतात. तेव्हा आजच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स विंडोज १० वर टाका आणि महिनाभर फक्त तेच वापरा. आठवणींचं नवं प्रकरण रायटरमध्ये लिहा. भजनी मंडळाचं पत्रक त्यातच करा. समास कुठे बदलतात, पृष्ठक्रमांक कसे टाकतात, यावर जी काही चिडचिड व्हायची ती ओळखीच्या घरात होऊ द्या. अडलं तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिबरऑफिसचे धडे मराठी निवेदनासह आहेत. सावकाश बोलतात, थांबवून थांबवून बघता येतात.

मराठी टायपिंगही याच महिन्यात मार्गी लावा. जुन्या श्रीलिपीतली अक्षरं युनिकोड नाहीत, त्या त्या फॉन्टशी बांधलेली आहेत. पुढे जायचं तर युनिकोडमध्येच, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, टंकायला हवं. विंडोज १० मध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की इनस्क्रिप्टचा कळफलक मिळतो, आणि हाच कळफलक लिनक्समध्ये आहे. एकदा बोटांना वळण लागलं की दोन्हीकडे तेच चालतं. इंग्रजी के वर क, जे वर र, डी वर हलन्त, शिफ्ट दाबून एन वर ळ. आपल्याला नेहमी अडवतो तो 'दुसऱ्या'मधला ऱ्या. तो असा काढा : शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरकी रेघ असलेली कळ, मग ई. साध्या जे ने सुरुवात केली तर 'दुसर्या' असं रफाराचं काहीतरी उमटतं आणि मुख्याध्यापकाच्या डोळ्यांना ते सोसणार नाही. इनस्क्रिप्ट नकोच वाटलं तर मिंटच्या यादीत मराठीचा 'कगप फोनेटिक' म्हणून उच्चारानुसारी कळफलकही आहे. पण तो विंडोजबरोबर येत नाही, म्हणून माझं मत इनस्क्रिप्टला.

महिना झाला, सवयी बसल्या, की पेनड्राइव्ह. ८ जीबीचा घ्या, रिकामा घ्या, कारण त्यावरचं सगळं पुसलं जाणार. या उद्योगात पुसली जाणारी वस्तू ही एवढीच. मिंटच्या संकेतस्थळावर तीन आवृत्त्या दिसतील : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. तुमच्या ४ जीबीला एक्सएफसीई. दिसायला साधी, पण हलकी. फाइल ३ जीबीच्या आसपास आहे, फोनच्या डेटावर उतरवत बसू नका. मग विंडोजवर ही फाइल पेनड्राइव्हवर चढवणारा रूफस नावाचा छोटा प्रोग्राम उघडा, वर पेनड्राइव्ह निवडा, खाली उतरवलेली फाइल निवडा. 'स्टार्ट' दाबण्यापूर्वी फाइल निवडायच्या बटनाशेजारचं बरोबरच्या खुणेचं छोटं बटन दाबा. फाइलची मोठीच्या मोठी खूणसंख्या येते. त्यातली शा-२५६ ची ६४ अक्षरांची ओळ मिंटने दिलेल्या ओळीशी ताडून बघा. उतरवताना फाइल अर्धवट आली असेल तर इथेच कळतं. शिवाय फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि काही लोकांच्या हाती बदललेली फाइल पडली होती, तेव्हा ही दोन मिनिटं वाचवू नका. रूफस आपणहून फक्त यूएसबीवरचेच ड्राइव्ह दाखवतो, तुमची आतली हार्डडिस्क त्या यादीत येत नाही. तरीही फोटोंची बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर आधी काढून ठेवा.

पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी कोणती कळ कधी दाबायची यावर घरोघरी वाद होतात. एचपीला इस्केप आणि मग एफ९, डेल-लेनोवोला एफ१२, असूसला इस्केप. आणि तेवढ्यात विंडोज सुरू झालेलं असतं. त्यापेक्षा विंडोजमध्येच शिफ्ट दाबून धरा आणि 'रीस्टार्ट' करा. निळा पडदा येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' निवडा आणि पेनड्राइव्हच्या नावावर क्लिक करा. काळ्या पडद्यावर यादी येईल, पहिलीच ओळ 'स्टार्ट लिनक्स मिंट'. एंटर. पडदा काळाच राहिला तर पुन्हा येऊन त्याच यादीतली 'कंपॅटिबिलिटी मोड'ची ओळ निवडा.

यानंतर जे चालतं ते सगळं रॅममध्ये. तुमच्या हार्डडिस्कला हात लागत नाही. फळ्यावर खडूने लिहिल्यासारखं : तास संपला की डस्टर फिरलं. म्हणून तिथे टंकलेला मजकूर ठेवायचा असेल तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःला मेल करा, बंद केल्यावर शोधत बसू नका. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चित्र असेल. त्याला अजिबात शिवायचं नाही. नातू शेजारी बसला असेल तर त्यालाही हे आधीच सांगून ठेवा.

आणि आता यंत्राची परीक्षा. आतल्या खोलीत वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेऱ्यात तुम्ही दिसता का, उजेड कमी-जास्त करायच्या कळा चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. प्रिंटर जोडा आणि पान काढा. फोन केबलने जोडून फोटो दिसतात का बघा. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, त्यात मराठी जोडून 'दुसऱ्या' लिहून बघा. बँकेचं पान उघडा. हयातीचा दाखला तुम्ही फोनवर चेहरा दाखवून देता असं पत्राच्या शेवटी लिहिलंय, तेव्हा तो विषय कॉम्प्युटरकडे येतच नाही. काय जमलं, काय नाही, ते कागदावर लिहून मला कळवा.

प्रश्न : ताई, मीच इंदिरानगरचा. महिनाभर लिबरऑफिस वापरलं, जमलं. इनस्क्रिप्टही हळूहळू जमतंय. परवा मिंट लावलं. पडदा उजळल्यावर सौ. म्हणाल्या, 'हे तर नेहमीसारखंच दिसतंय की!' आवाज, कॅमेरा, झाकण, सगळं पास. प्रिंट एका झटक्यात आली, ड्रायव्हरची सीडीसुद्धा मागितली नाही. पण तीन तक्रारी आहेत. वाय-फाय राउटरशेजारी बसलं तरच लागतं, आतल्या खोलीत गायब. विंडोजमध्ये तिथेच चांगलं चालतं. फायरफॉक्स उघडायला इतका वेळ लागतो की चहा होतो. आणि जुन्या प्रकरणांच्या फाइली उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. विंडोजवरच्या लिबरऑफिसमध्ये त्याच फाइली नीट दिसत होत्या. आता काय करू?

उत्तर : सर, अशी उत्तरपत्रिका सगळ्यांनी पाठवली तर हे सदर निम्म्या जागेत होईल.

कडबोळ्याचं आधी, कारण तो तुमचा जीव की प्राण. फाइली बिघडलेल्या नाहीत. जुन्या पद्धतीत कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही इंग्रजी अक्षरंच टंकली आहेत. त्या अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवायचं काम फॉन्ट करतो. विंडोजवर तो फॉन्ट आहे म्हणून मराठी दिसतं, मिंटमध्ये तो नाही म्हणून उघडी इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते विंडोजमध्ये बघून घ्या, तो फॉन्ट 'फॉन्ट्स'च्या फोल्डरमधून पेनड्राइव्हवर उचला आणि मिंटमध्ये त्यावर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' करा. फाइल पुन्हा उघडली की मजकूर दिसेल. ही झाली वाचायची सोय. लिहायची नव्हे, कारण त्या फॉन्टमध्ये टंकण्यासाठी लागणारा प्रोग्राम विंडोजचा आहे.

म्हणून प्रकरणं एकदाची युनिकोडमध्ये आणा, आणि हे काम विंडोज हाताशी आहे तोवर उरका. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण एकही शंभर टक्के बरोबर उतरवत नाही. रफार एक अक्षर मागे-पुढे होतो, ऱ्हस्व इकार शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटतो, जोडाक्षरं मोडतात. प्रत्येक प्रकरण जुन्या प्रतीशेजारी ठेवून वाचावं लागेल. तुम्ही आयुष्यभर वह्या तपासल्यात, तुम्हाला सांगायला नको. मूळ फाइली मात्र पुसू नका, आणि त्यांची पीडीएफही करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, ती कुठेही तशीच दिसते.

आता वाय-फाय. 'राउटरशेजारीच लागतं' हे लक्षण वाचूनच मला संशय आला होता, आणि तुम्ही मेलने चिपचं नाव कळवल्यावर खात्री झाली : आरटीएल८७२३बीई. त्या काळातल्या काही लॅपटॉपमध्ये या चिपला दोन अँटेना लावायची सोय असूनही एकच जोडलेली असते. कोणत्या बाजूला जोडली आहे याचा लिनक्सच्या ड्रायव्हरचा अंदाज चुकला की तो रिकाम्या बाजूने ऐकत बसतो. राउटरशेजारी कसंबसं ऐकू येतं, आतल्या खोलीत नाही. 'या बाजूची वापर' असं ड्रायव्हरला सांगणारी एका ओळीची सेटिंग आहे. ती इंग्रजीत, अक्षर न् अक्षर तशीच लिहावी लागते, त्यामुळे इथे न छापता तुम्हाला मेलने पाठवली आहे. आधी १ घालून बघा, फरक पडला नाही तर २. पेनड्राइव्हवर चालवताना लॅपटॉप बंद केला की ही सेटिंग विसरली जाते. प्रत्यक्ष टाकल्यावर एकदा लिहिली की झालं.

इतर वाचकांसाठी : वाय-फाय अजिबातच दिसत नसेल तर फोन केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमधलं 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंटला ते तारेचं इंटरनेट वाटतं, लगेच चालू होतं. मग मेनूतला 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला की ब्रॉडकॉमसारख्या चिपचा ड्रायव्हर तो स्वतःच सुचवतो.

चहा होण्याइतका वेळ लागतो तो पेनड्राइव्हमुळे. प्रत्येक प्रोग्राम त्या छोट्या यूएसबीतून वाचून आणावा लागतो, आणि तुमच्या ४ जीबी रॅमचा काही भाग तात्पुरती डिस्क म्हणून अडकलेला असतो. पेनड्राइव्हवरच्या वेगावरून लिनक्सला नापास करू नका. पण खरं सांगू का, तुमच्या फिरत्या हार्डडिस्कवर टाकलंत तरी तो काही धावणार नाही. विंडोजही तिच्यापायीच रखडतंय.

म्हणून माझा सल्ला पुतण्याच्या सल्ल्याहून जरा वेगळा आहे. एकाच डिस्कचे दोन भाग करून विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी नांदवायची पद्धत आहे, तिला ड्युअल बूट म्हणतात. जमते, बरेच लोक करतात. पण पार्टिशनची मापं बदलताना वीज गेली आणि तुमची आठ वर्षांची बॅटरी तग धरू शकली नाही तर फोटो आणि प्रकरणं दोन्ही पणाला लागतात. शिवाय तिथे 'इरेज डिस्क' म्हणून एक पर्याय शेजारीच बसलेला असतो. त्यापेक्षा अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, विकत घ्या. तुमच्या लॅपटॉपच्या हार्डडिस्कच्या जागी ती नेमकी बसते. दुरुस्तीवाल्याला सांगा : जुनी हार्डडिस्क काढून माझ्या हातात दे, नवी बसव, विंडोज टाकू नकोस. शेवटचं वाक्य दोनदा सांगा, सवयीने टाकतात. जमलंच तर रॅम ८ जीबी करून घ्या, क्रोमच्या खिडक्यांना ती लागतेच.

नव्या कोऱ्या डिस्कवर मिंट टाकताना 'सगळी डिस्क पुसा' म्हटलं तरी पुसायला तिथे काहीच नसतं. जुनी हार्डडिस्क, तिच्यावरच्या विंडोज, फोटो, श्रीलिपी सगळ्यासकट, कपाटात. यूएसबीची एक डबी मिळते, तिच्यात ती घातली की मिंटमधून फोटो उचलून आणता येतात. समजा दोन महिन्यांनी वाटलं की नको हे, तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत बसवायची. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. टाकून झालं की पहिल्याच दिवशी 'टाइमशिफ्ट' चालू करा. काही बिघडलं तर तो सिस्टिम कालच्या स्थितीत नेऊन ठेवतो. फक्त त्याला फोटोंचा बॅकअप समजू नका, तो आपणहून तुमच्या फाइली उचलत नाही. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

प्रिंटरची सीडी लागली नाही याचं तुम्हाला नवल वाटलं. तुमचा एचपीचा आहे, आणि एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी एचपीलिप नावाची सोय मिंटमध्ये आधीच असते. सगळ्यांचं नशीब असं नसतं. काही स्वस्त लेझर प्रिंटर पान रचायचं सगळं काम कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हरवर सोपवतात, आणि तो ड्रायव्हर लिनक्ससाठी नसला तर प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो. म्हणूनच पेनड्राइव्हवर असतानाच पान काढून बघायचं.

प्रश्न : मॅडम, मी सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. ऑफिसात तीन मशिन आहेत. टॅली, जीएसटीचे रिटर्न, डिजिटल सिग्नेचरचं टोकन आणि मॅक्रो असलेल्या एक्सेलच्या शीट. मालक म्हणतात, लायसन्सचे पैसे वाचवायला तिन्हींवर लिनक्स टाकू. पेनड्राइव्हवर ट्रायल घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. टॅली विंडोजचा प्रोग्राम आहे. वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात, पण महिन्याच्या २० तारखेला रिटर्न भरायचं असताना 'काही' या शब्दावर धंदा टांगायचा नसतो. एक्सेलचे मॅक्रो लिबरऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतील याची खात्री नाही, आणि टोकनचं सॉफ्टवेअर तुमच्या पुरवठादाराकडे लिनक्ससाठी आहे का ते आधी त्यालाच विचारायला हवं. लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्याच्या आत विंडोज चालवा, असं कोणी सुचवेल. चालतं, पण आतल्या विंडोजलाही लायसन्स लागतंच, मग वाचलं काय?

तिन्ही मशिनवर हीच कामं होतात का, हे मात्र बघा. एखाद्यावर नुसते मेल, गेटपास आणि साध्या शीट होत असतील तर तेवढं एक लिनक्सवर न्या. मालकांना तेवढं समाधान पुरेल.

प्रश्न : ताई, दिंडोरीहून लिहितोय, द्राक्षबाग आहे. पॅकहाउसच्या खोलीत जुना पीसी आहे, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७, ३२ बिट. फक्त मेल, हवामान आणि मजुरांच्या हजेरीची शीट. भाऊ म्हणतो, लिनक्स आता ३२ बिटवर येतच नाही.

उत्तर : दादा, भाऊ अर्धा बरोबर आहे. मिंटने ३२ बिटची मुख्य आवृत्ती २०२० मध्ये बंद केली, आणि ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्समध्येही ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. पण तुमचं विंडोज ३२ बिट आहे म्हणून प्रोसेसरही ३२ बिट ठरत नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिटचाच. त्या काळी दुकानदाराकडे रॅम कमी बघून ३२ बिट विंडोज सर्रास टाकलं जायचं. म्हणजे आजची ६४ बिट आवृत्ती तुमच्याकडे चालू होईल.

चालू होईल म्हणजे सुसाट पळेल असं नाही. मिंटची किमान अट २ जीबीची आहे, म्हणजे तुम्ही उंबऱ्यावर. एक्सएफसीई घ्या आणि ब्राउझरमध्ये एका वेळी एखाद-दुसरीच खिडकी उघडा. त्या काळातली रॅम जुन्या बाजारात मिळाली तर ४ जीबी करा. शिफ्ट-रीस्टार्टची युक्ती विंडोज ७ मध्ये नाही; सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात 'बूट मेनू' शेजारी कोणती कळ लिहिलीय ते बघून ती दाबत राहा. आणि सध्या त्या पीसीवर बँकेचं काही करत असाल तर आजपासून थांबवा. विंडोज ७ ची डागडुजी जानेवारी २०२० पासूनच बंद आहे.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, आम्ही पंचवटीत राहतो. नवीन लॅपटॉप घेऊन दिला, विंडोज ११ चा. आता म्हणतो त्यावर काली लिनक्स टाकणार, हॅकिंग शिकणार. लॅपटॉप खराब होईल का? आणि हे कायदेशीर आहे का? एक आई.

उत्तर : वहिनी, काली बेकायदा नाही. सुरक्षेची तपासणी करणाऱ्यांसाठी बनवलेलं ते डेबियनवर आधारलेलं लिनक्स आहे, २०१३ पासून निघतं. दुसऱ्याच्या वाय-फायवर किंवा संकेतस्थळावर परवानगीशिवाय ते चालवणं मात्र गुन्हा आहे, आणि 'प्रोजेक्ट होता' हे उत्तर पोलिसांना पुरत नाही. शिवाय ज्याला लिनक्स नवीन आहे त्याने कालीपासून सुरुवात करू नये, असं काली बनवणारेच त्यांच्या मार्गदर्शिकेत लिहितात. हे तुमच्या तोंडून ऐकणार नाही, ते पान त्याला वाचायला द्या.

त्याला सांगा, व्हर्च्युअलबॉक्स टाक आणि त्याच्या आत आधी उबंटू किंवा मिंट चालव. एका खिडकीत आख्खा दुसरा कॉम्प्युटर उघडतो, मोडला तर पुसून नवा करता येतो, विंडोजला धक्का लागत नाही. प्रोग्रामिंग आणि कमांड शिकायला एवढं भरपूर झालं. त्याचं मशीन नवं आहे, त्याला हे झेपेल. काली पुढच्या वर्षी, त्याच खिडकीत.

ऐकलंच नाही आणि पेनड्राइव्ह लावायला बसला, तर त्याआधी एक काम तुम्ही करून घ्या. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला बऱ्याचदा न विचारताच कुलूप लागलेलं असतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसलं तर समजा लागलंय. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी त्याने सिक्युअर बूटची, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी, सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर कॉलेजच्या फाइली गेल्या. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात ती की असते. खातं दुकानदाराने स्वतःच्या मेलवर उघडून दिलं असेल तर आजच दुकानात जा आणि आधी ती लिहून आणा.